पासे सँप्ल चालवताना

फ्रेंचमध्ये पासे सँप्ल नावाचा एक भूतकाळ आहे. फ्रान्समध्ये घरात, दुकानात, फोनवर तो सहसा कानावर पडत नाही. ‘मी गेले’, ‘मी खाल्लं’ हे सगळं तिथे पासे कोंपोझेत सांगतात, म्हणजे ‘आव्वार’ किंवा ‘एत्र’ या सहायक क्रियापदाचा आधार घेऊन. पण कथासंग्रह उघडा, इतिहासाचं पुस्तक उघडा, लहान मुलांची परीकथा उघडा, पानोपानी हाच काळ. मी ज्या फ्रेंचवर पोट भरते, त्यात मात्र तो कधीच लागला नाही. पुण्यात बसून मी पंपांची, व्हॉल्व्हची, पॅकिंगच्या यंत्रांची माहितीपुस्तकं फ्रेंचमधून भाषांतरित करते. तिथे सगळं वर्तमानकाळात नाहीतर आज्ञार्थात: झाकण उघडा, दाब तपासा, मग वीज सुरू करा. शिकत होते तेव्हा पासे सँप्लचा तक्ता पाठ्यपुस्तकाच्या अगदी शेवटी होता आणि ‘वाचताना ओळखता आला की पुरे’ असं म्हणून वर्ग पुढे गेला होता.

फ्रेंच कथाकार मोपासाँच्या कथा मुळातून वाचायला घेतल्या, तेव्हा नुसतं ओळखण्यावर भागेना. अर्थ कळत होता, पण प्रत्येक क्रियापदापाशी थांबून त्याचं मूळ रूप उकरावं लागत होतं. त्या नादात वाक्याचा वेग हातातून जायचा, आणि मोपासाँच्या वाक्यातून वेग काढला तर फारसं काही उरत नाही. तेव्हा ठरवलं की हा काळ वाचण्यापुरता शिकायचा नाही, लिहिता येईल इतका शिकायचा. ज्यांच्याकडे पहिल्यांदा फ्रेंचची धुळाक्षरं गिरवली त्या मॅडम आता निवृत्त होऊन कर्वेनगरला राहतात. त्यांना फोन केला.

“ये की. पण वही आण,” त्या म्हणाल्या, “आणि तोंडी चालवायला लागतील हं क्रियापदं. शाळेत राम चालवायचात ना, तशी.”

चालवायला पहिलं क्रियापद घेतलं ‘पार्ले’, म्हणजे बोलणे. ज्या क्रियापदांचं मूळ रूप ‘ई-आर’ या अक्षरांनी संपतं, त्यांचा हा पहिला गट. फ्रेंचमधली नव्वद टक्क्यांच्या आसपास क्रियापदं याच गटात बसतात, त्यामुळे इथे घातलेली मेहनत कुठेही वाया जात नाही. तक्ता असा: झ पार्ले, त्यु पार्ला, इल पार्ला, नू पार्लाम, वू पार्लात, इल पार्लेर. मॅडमनी सांगितलं की आधी रोमन लिपीत लिहू नकोस, कानाला जे ऐकू येतं ते देवनागरीत लिही. तसं लिहिल्यावर जे दिसलं ते पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात मला कधी दिसलं नव्हतं. सहा रूपांपैकी चार रूपांत ‘आ’ आहे. ‘ए’ फक्त दोन ठिकाणी येतो, सुरुवातीच्या ‘मी’ला आणि शेवटच्या ‘ते’ला. द्वितीय आणि तृतीय पुरुषाचं एकवचन कानाला एकच, ‘पार्ला’. फरक आहे तो लिहिण्यात: ‘तू’च्या रूपाला शेवटी एक ‘एस’ लागतो, जो उच्चारायचा नाही, आणि ‘तो’च्या रूपाला काहीच लागत नाही. ‘इल पार्लेर’च्या शेवटी तर ‘ई-एन-टी’ ही तीन अक्षरं नुसती लिहायची, उच्चारायची नाहीत.

देवनागरीतला तक्ता पाठ झाला की मग रोमन अक्षरं त्यावर चढवायची. या क्रमाचा मला फार फायदा झाला. फ्रेंच लिहिताना हात नेहमी मुक्या अक्षरांशी अडखळतो. इथे आवाज आधी पक्का होता, आणि मुकी अक्षरं कुठे लागतात तेवढंच वेगळं लक्षात ठेवायचं होतं.

‘नू पार्लाम’ आणि ‘वू पार्लात’ या दोन रूपांत ‘आ’वर एक टोपी (^) असते. फ्रेंच शिकणारे बरेचजण तिला टोपीच म्हणतात. ही टोपी का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लॅटिनमध्ये ‘तुम्ही’च्या रूपात एक ‘स’ होता, ‘कांतास्तिस’, म्हणजे ‘तुम्ही गायलात’. जुन्या फ्रेंचमध्ये तो टिकला, मग उच्चारातून गेला, तरी लिहिण्यात बराच काळ राहिला. 1740 साली फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीने असे मुके ‘स’ काढून त्यांच्या जागी टोपी बसवली. म्हणजे ‘वू’च्या रूपावरची टोपी ही गेलेल्या ‘स’ची खूण. ‘नू’च्या रूपात मात्र लॅटिनमध्येही त्या जागी ‘स’ कधी नव्हता. शेजारच्या ‘वू’चं बघून ‘नू’नेही टोपी घातली, इतकंच. 1990 साली फ्रेंच शुद्धलेखनात सुधारणा झाल्या आणि ‘आय’ व ‘यू’ या अक्षरांवरच्या बऱ्याच टोप्या ऐच्छिक झाल्या. तेव्हाही पासे सँप्लच्या या दोन रूपांवरच्या टोप्यांना हात लावला नाही. हे कळल्यावर ती खूण वहीत लिहायला मी एकदाही विसरले नाही. नियमाचा इतिहास कळला की नियम पाठ करावा लागत नाही, हे व्याकरणाच्या बाबतीत मी पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे आणि शिकवणाऱ्यांनी त्याचा जास्त उपयोग करावा असं मला मनापासून वाटतं.

याच टोपीमुळे आणखी एक जागा सांभाळावी लागते. ‘तो’च्या रूपावर टोपी आणि शेवटी एक ‘टी’ दिसली, तर तो पासे सँप्ल नव्हे, इच्छा-शंका दाखवणाऱ्या ‘स्युब्झाँक्तिफ’चा जुना भूतकाळ. उच्चार तोच, ‘पार्ला’. जुन्या गद्यात दोन्ही एकाच परिच्छेदात येतात. टोपी नसलेला ‘पार्ला’ म्हणजे तो बोलला, गोष्ट घडली. टोपीवाला ‘पार्ला’ म्हणजे त्याने बोलावं अशी इच्छा, भीती किंवा शंका. वाचताना हा फरक डोळ्यांनीच पकडायचा.

पहिल्या गटात मला सगळ्यात आनंद झाला तो अपवाद शोधताना, कारण ते सापडेनात. ‘आले’, म्हणजे जाणे, हे क्रियापद वर्तमानकाळात शिकणाऱ्याचा जीव काढतं: झ वे, त्यु वा, इल वा, आणि मग एकदम नू आलों. पासे सँप्लमध्ये तेच क्रियापद सरळ रांगेत उभं राहतं: झाले, त्यु आला, इल आला. (मराठी कानाला ‘इल आला’ म्हणजे ‘तो गेला’ हे पचायला थोडा वेळ लागतो, पण एकदा पचलं की जन्मभर विसरत नाही.) ‘आश्ते’, म्हणजे विकत घेणे, याच्या वर्तमानकाळात मध्येच एक स्वरचिन्ह येतं, ‘आपले’, म्हणजे हाक मारणे, यात ‘एल’ दुप्पट होतो. पासे सँप्लमध्ये यातलं काहीच नाही. आश्ता, आपला, संपलं. पहिल्या गटातलं एकूण एक क्रियापद एकाच साच्यातून निघतं. वर्तमानकाळ आधी शिकवतात म्हणून तो सोपा वाटतो. रूपांपुरतं बोलायचं तर हा पुस्तकी काळ त्याहून कितीतरी सोपा आहे.

लिहिताना दोनच ठिकाणी काळजी घ्यावी लागते. ‘माँझे’, म्हणजे खाणे, यातला ‘झ’ ‘जी’ या अक्षराने लिहितात, आणि त्या ‘जी’पुढे रोमन ‘ए’ (a) अक्षर आलं की उच्चार ‘ग’ होतो. म्हणून मध्ये एक रोमन ‘ई’ (e) ठेवतात, म्हणजे ‘माँझा’चं ‘माँगा’ होत नाही. तसंच ‘कोमाँसे’, म्हणजे सुरू करणे, यात ‘सी’खाली एक शेपटी लावतात, नाहीतर ‘कोमाँसा’चं ‘कोमाँका’ होईल. ‘माँझेर’ आणि ‘कोमाँसेर’ या शेवटच्या रूपांत मात्र दोन्हीची गरज नाही, कारण पुढे ‘ए’चा आवाज आहेच. इथेही देवनागरी कामाला आली. आवाज लिहून ठेवला होता, त्यामुळे कुठे ‘ई’ हवा आणि कुठे नको हे विचारावंच लागलं नाही.

दुसरा गट ‘आय-आर’ने संपणाऱ्यांचा. ‘फिनीर’, म्हणजे संपवणे: झ फिनी, त्यु फिनी, इल फिनी, नू फिनीम, वू फिनीत, इल फिनीर. त्यानंतर ‘आर-ई’ने संपणारी. फ्रान्समधली व्याकरणं यांना तिसऱ्या गटात टाकतात, जिथे सगळी वाकडीतिकडी क्रियापदंही असतात, तर परदेशी शिकणाऱ्यांसाठीची पुस्तकं त्यातल्या सरळ क्रियापदांना नियमित म्हणतात. ‘वाँद्र’, म्हणजे विकणे: झ वाँदी, त्यु वाँदी, इल वाँदी, नू वाँदीम, वू वाँदीत, इल वाँदीर. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लिहिले आणि प्रत्यय तेच निघाले. ‘आय-आर’ असो की ‘आर-ई’, पासे सँप्लमध्ये दोघांचा स्वर ‘ई’. म्हणजे नियमित क्रियापदांना एकूण दोनच स्वर, ‘आ’ आणि ‘ई’. ‘पार्तीर’ (निघणे), ‘दोर्मीर’ (झोपणे), ‘सोर्तीर’ (बाहेर पडणे) ही वर्तमानकाळात वेगळी वागणारी क्रियापदंही इथे निमूट ‘ई’च्या रांगेत बसतात: पार्ती, दोर्मी, सोर्ती.

दुसऱ्या गटात एक अडचण खरी आहे. ‘इल फिनी’ हे वर्तमानकाळातही तसंच लिहितात आणि तसंच उच्चारतात. ‘तो संपवतो’ आणि ‘त्याने संपवलं’ या दोहोंचं रूप एक. तिन्ही पुरुषांच्या एकवचनात हा घोळ आहे. अनेकवचनात सुटतो, कारण वर्तमानकाळात तिथे ‘फिनीसों’सारखी लांब रूपं येतात. मी मॅडमना विचारलं की मग कळायचं कसं. त्या म्हणाल्या, “शेजारच्या क्रियापदांकडे बघ. एक वाक्य एकटं कधी येतं का?” आणि खरंच, आजूबाजूला एक ‘आ’वालं रूप दिसलं की काळ ठरतो. ‘वाँद्र’च्या घराण्यात हा प्रश्न नाही. वर्तमानकाळात ‘इल वाँ’, भूतकाळात ‘इल वाँदी’.

पहिल्या गटातही प्रथमपुरुषी एकवचनाशी असाच घोळ आहे. ‘झ पार्ले’, मी बोलले, आणि अपूर्ण भूतकाळातलं ‘मी बोलत होते’, यांच्या उच्चारात पूर्वी फरक होता. आता फ्रान्समध्ये बरेच लोक दोन्ही सारखेच उच्चारतात आणि लिहितानाही त्यांची सरमिसळ होते. फरक एका ‘एस’चा. अपूर्ण भूतकाळाला तो लागतो, पासे सँप्लला लागत नाही.

तक्ते तोंडात बसले, तेव्हा मॅडम म्हणाल्या की आता लिही. मी म्हटलं, “काल काय काय केलं ते लिहू?”

“कालचं? नाही, अगं, कालचं नको. कालचं पासे कोंपोझेत सांगतात. जुनं काहीतरी लिही. तुझ्यापासून लांबचं.”

हा त्यांचा हट्ट नव्हता. त्यामागे फ्रेंच व्याकरणातला एक जुना वाद आहे. 1660 साली प्रसिद्ध झालेल्या पोर-रॉयालच्या व्याकरणात नियम दिलाय की हा काळ निदान एक दिवस उलटून गेलेल्या गोष्टीसाठीच वापरायचा, आज घडलेल्यासाठी नाही. त्याच्याही आधी, 1637 साली रंगभूमीवर आलेल्या कोर्नेयच्या ‘ल सिद’ नाटकावर नव्याने स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने टीका लिहिली, तेव्हा एका पात्राने वापरलेल्या पासे सँप्लवर बोट ठेवलं. पात्र ज्या अपमानाविषयी बोलतं तो त्याच दिवशी घडलेला आहे, मध्ये रात्र गेलेलीच नाही, मग हा काळ कसा चालेल, असा आक्षेप. कोर्नेयने पुढे त्या ओळी बदलल्या. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की सतराव्या शतकात लोक हा काळ बोलतही असणार, नाहीतर रात्र गेली की नाही हे मोजण्याची वेळ कोणावर आली असती? पुढच्या शतकांत तो बोलण्यातून हळूहळू बाजूला झाला आणि लिखाणात राहिला.

मी माझ्या आजोबांविषयी लिहायचं ठरवलं. राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ते तरुणपणी बोटीने मुंबईला गेले, परळला गिरणीत लागले, पुढे गावाकडे परत येऊन त्यांनी घर बांधलं. ही हकिगत आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि मला हवी होती तशी क्रियापदं तिच्यात आपोआप येतात. गाव सोडलं: इल किता. गाय विकली: इल वाँदी. बंदरावर बोटीची वाट पाहिली: इल आताँदी. मुंबईला उतरले: इल देबार्का. गिरणीत काम केलं: इल त्रावाया. घर बांधलं: इल बाती. सगळी नियमित, ‘आ’ आणि ‘ई’.

लिहिताना दोन गोष्टी जाणवल्या, आणि दोन्ही मराठी असल्यामुळेच जाणवल्या. पहिली म्हणजे मराठीत भूतकाळ कर्माप्रमाणे बदलतो. गाय विकली, बैल विकला, भांडी विकली. पासे कोंपोझेतही मेळ साधायची कटकट आहे: ‘एत्र’ असलं तर कर्त्याशी, ‘आव्वार’ असलं आणि कर्म आधी आलं तर कर्माशी. पासे सँप्लला यातलं काही माहीत नाही. ‘वाँदी’ म्हणजे विकलं, मग ती गाय असो, बैल असो की भांडी. सहायक क्रियापद नाही, लिंग नाही, फक्त पुरुष आणि वचन. वर्षानुवर्षं मेळ तपासत आलेल्या माझ्यासारखीला ही मोकळीक फार मोठी वाटली. दुसरी गोष्ट म्हणजे आजोबा एकवचनात गेले. मराठीत ‘आजोबा गेला’ असं माझ्या तोंडून निघणार नाही. फ्रेंचमध्ये तृतीयपुरुषात आदरार्थी अनेकवचन नाही, तेव्हा ‘इल आरिवा’ असंच लिहावं लागलं. पण त्यामुळे आजोबा थोडे लांब गेले, एका गोष्टीतला माणूस झाले, आणि त्यांचं बोटीवर चढणं मला पहिल्यांदाच त्या वयाच्या मुलाचं चढणं म्हणून दिसलं.

हे लांब जाणं या काळात मुळातच आहे. एमिल बँवनीस्त या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली मांडलं, की फ्रेंचमध्ये भूतकाळ सांगायच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. एकीत सांगणारा समोर असतो, ‘मी’ आणि ‘तू’ असतात, आणि तिथे पासे कोंपोझे चालतो. दुसरीत घटना जणू आपल्या आपणच सांगितल्या जातात, सांगणारा मागे सरतो. तिथे पासे सँप्ल येतो, आणि मुख्यतः तृतीयपुरुषात. आल्बेर कामूची 1942ची ‘लेत्रांझे’ जवळजवळ सगळी पासे कोंपोझेत आहे, आणि ती ‘मी’ने सांगितलेली आहे, हे या उजेडात पाहिलं की त्या कादंबरीतली तुटक वाक्यं का तशी आहेत ते कळायला मदत होते. फ्रान्समधल्या शाळांच्या 2016 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांतल्या मुलांना पासे सँप्लची तृतीयपुरुषी रूपंच पाठ करायला सांगितली, तेव्हा तिथे वाद झाला. मला त्या निर्णयामागचं कारण पटतं, कारण पुस्तकात दिसणारी रूपं बहुतेक तीच आहेत. पण ‘नू’ आणि ‘वू’ची रूपं मुलांनी एकदा तरी तोंडाने म्हटली पाहिजेत असंही वाटतं. ‘नू पार्लाम’ म्हटल्याशिवाय त्या तक्त्याचा ताल लागत नाही.

आजोबांच्या परिच्छेदात पुढचा टप्पा होता अपूर्ण भूतकाळ, म्हणजे अँपार्फे, आणि पासे सँप्ल यांना एकत्र नांदवण्याचा. त्यांची आई रडत होती, हे अँपार्फेत: सा मेर प्लरे. ते बोटीवर चढले, हे पासे सँप्लमध्ये: इल मोंता. एक पार्श्वभूमी, दुसरी घटना. हे सगळीकडे शिकवतात आणि ते मला अवघड गेलं नाही, कारण मराठीत आपण हेच ‘रडत होती’ आणि ‘चढले’ यांनी करतो. मॅडमनी इथे एक वाट दाखवली. त्या म्हणाल्या, “आपल्याकडेही पुस्तकात राहिलेला एक भूतकाळ आहे. आठव बघू.” मला आठवला तो रीतिभूतकाळ: तो रोज येई, तू करीस, ते म्हणत, ती दिवा लावी. बोलताना आपण ‘यायचा’, ‘करायचास’, ‘लावायची’ म्हणतो. ‘येई’ आणि ‘लावी’ वाचताना भेटतात, आणि भेटताच आपण गोष्टीत शिरलो हे कळतं. त्यातही पासे सँप्लप्रमाणे लिंग नाही. ‘येई’ म्हणजे तो येई, ती येई, दोन्ही. फक्त मराठीत पुस्तकात राहिला तो नेमाने घडणाऱ्या गोष्टींचा काळ, आणि फ्रेंचमध्ये राहिला तो एकदाच घडून संपलेल्या गोष्टींचा. अर्थाने ‘येई’चा जोडीदार अँपार्फे, आणि कानावर होणाऱ्या परिणामाने पासे सँप्ल. हे कळल्यापासून हा काळ मला परका वाटेनासा झाला.

आणि मग मोपासाँची ‘ला पार्युर’ पुन्हा उघडली. ही कथा 17 फेब्रुवारी 1884 रोजी ‘ल गोल्वा’ या पॅरिसच्या दैनिकात आली. कारकुनाची बायको मादाम ल्वाझेल एका समारंभासाठी मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते, तो हरवतो, नवीन घेऊन परत करण्यासाठी डोंगराएवढं कर्ज होतं, आणि ते फेडण्यात नवरा-बायकोची दहा वर्षं जातात. समारंभापर्यंतची रूपं आता डोळ्यांखालून सहज जात होती: नवरा घरी आला, राँत्रा, तिने पाकीट फाडलं, देशिरा, आमंत्रण टेबलावर फेकलं, झ्ता. तीन शब्द, तीन धक्के. पुढे कर्जाचा भाग आला. मोलकरीण काढून टाकली, घर बदललं, माळ्यावरची खोली भाड्याने घेतली. राँव्वाया, शाँझा, लुआ. ‘शाँझा’मधला तो जपून ठेवलेला ‘ई’ इथे छापलेला दिसला.

मग मी थांबले ते शब्द कळला नाही म्हणून नव्हे. ती भांडी घासते, कपडे धुते, रोज सकाळी कचरा रस्त्यावर नेते, पाणी वर चढवते आणि प्रत्येक मजल्यावर दम घ्यायला थांबते. ही रोजची कामं. मराठीत मी तिथे ‘भांडी घाशी, कपडे धुई, कचरा खाली नेई’ असंच लिहीन, आणि शिकवलेल्या नियमाप्रमाणे फ्रेंचमध्ये अँपार्फे यायला हवा. मोपासाँने लिहिलं आहे पासे सँप्लमध्ये: एल लावा, एल सावोना, एल देसाँदी, आणि त्या ‘देसाँदी’ला चिकटूनच ‘रोज सकाळी’ हे शब्द. नियम सांगतो की ‘रोज सकाळी’ म्हटलं की अँपार्फे. इथे नाही.

मॅडमना फोन करून ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या की चार ओळी मागे जा आणि चार ओळी पुढे जा. मागे लिहिलं आहे की तिने एकदम, धीराने मनाची तयारी केली. पुढे लिहिलं आहे की हे आयुष्य दहा वर्षं चाललं, ‘द्युरा दिझाँ’. म्हणजे लेखकाने त्या दहा वर्षांना दोन्हीकडून भिंत घातली आहे. आत जे आहे ते एक अख्खं, सुरू होऊन संपलेलं प्रकरण. शिवाय प्रत्येक काम हा तिचा निर्णय आहे. जिने आयुष्यभर हिऱ्यामोत्यांची स्वप्नं पाहिली तिने भांडी हातात घेतली, ही घटनाच आहे, मग ती पुढे कितीही वेळा घडो. त्याच उताऱ्यात हप्ते फेडावे लागत होते, नवरा संध्याकाळी जादा काम करीत होता, हे मात्र अँपार्फेत आहे. नवऱ्याचं काम पार्श्वभूमीत आणि तिचं काम पुढे, हे मोपासाँने एका प्रत्ययाने ठरवलं. ‘लावा’तल्या शेवटच्या ‘आ’ने.

इथे मला माझ्या कष्टाची खरी किंमत मिळाली. मी ही रूपं नुसती ओळखत होते तेव्हा या उताऱ्यावरून कैकदा गेले असेन, आणि अर्थ बरोबर लावला असेन. ‘ती भांडी घाशी’ असं मनात भाषांतर करून पुढे गेले असेन, म्हणजे लेखकाने जे पुढे आणलं ते मी पुन्हा मागे ढकललं असेन. स्वतः आजोबांच्या परिच्छेदात ‘इथे कोणता काळ घालू’ म्हणून पेन हवेत धरून बसल्यावरच दुसऱ्याने घेतलेला तो निर्णय दिसू लागला. ओळखण्यापुरता शिकवायचा हा रिवाज म्हणूनच मला मान्य नाही. जो काळ फक्त साहित्यात उरला आहे, तो साहित्य वाचायला येणाऱ्यालाच अर्धवट द्यायचा, यात काही अर्थ नाही.

ज्यांना हा काळ शिकायचा असेल त्यांना माझा क्रम सांगते. ‘पार्ले’ देवनागरीत चालवा, मोठ्याने. मग ‘माँझे’ आणि ‘कोमाँसे’ रोमनमध्ये लिहा. मग ‘फिनीर’ आणि ‘वाँद्र’ शेजारी शेजारी. त्यानंतर घरातली एखादी जुनी हकिगत घ्या, जी तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे, आणि तिच्यातली नियमित क्रियापदं निवडून दहा-बारा वाक्यं लिहा. मगच कथा उघडा. परीकथांपासून सुरुवात केली तरी चालेल, पण त्यांच्या शेवटी जे ‘सुखाने नांदले आणि त्यांना पुष्कळ मुलं झाली’ असं वाक्य असतं, त्यातली दोन्ही क्रियापदं अनियमित आहेत.

ती अनियमित रूपं टळत नाहीत. ‘फ्यु’ (होता), ‘फी’ (केलं), ‘प्री’ (घेतलं), ‘व्ही’ (पाहिलं) ही पहिल्याच पानावर येतात. त्यात एक तिसरा स्वर आहे, ‘यु’चा: कुर्यु, म्हणजे धावला; मुर्यु, म्हणजे वारला; कॉन्यु, म्हणजे कळलं. मादाम ल्वाझेलला गरिबी कळली, तेही याच ‘कॉन्यु’ने. मॅडमनी पुढच्या वेळेसाठी तीच सांगितली आहेत, आणि ‘व्हनीर’, म्हणजे येणे, हे सगळ्यात शेवटी, कारण त्याचं ‘व्हँ’ कुठल्याच रांगेत बसत नाही. आजोबांची हकिगतही अजून पुरी व्हायची आहे. ते गावाला परत आले आणि वारले, ही दोन्ही क्रियापदं मी आतापर्यंत मोकळी सोडली आहेत.